‘द टॉवर्स’ : एका व्हिक्टोरियन उपनगरी निवासाचे उत्तरायुष्य

निवासी वास्तूचे कार्यालयात रूपांतर झाले की वास्तुइतिहासाचे अभ्यासक सहसा ऱ्हासाची भाषा वापरतात. घर हे मूळ आणि कचेरी ही विकृती, असे त्यामागील गृहीतक असते. मँचेस्टरच्या दक्षिणेकडील डिड्सबरी या उपनगरातील ‘द टॉवर्स’ ही वास्तू या गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावते. ‘मँचेस्टर गार्डियन’चे मालक जॉन एडवर्ड टेलर (धाकटे) यांच्यासाठी १८६८ ते १८७२ या काळात ती बांधली गेली. निवास म्हणून तिचे आयुष्य अर्धशतकाहूनही कमी ठरले.

वास्तुरचनाकार थॉमस वर्दिंग्टन. मँचेस्टरमधील अल्बर्ट स्मारकही त्यांचेच. लाल वीट, टेराकोटाचे अलंकरण, तीव्र उताराची छपरे आणि त्यांवर उठलेले मनोरे, असे या घराचे बाह्यरूप. बारा मनोरे, बावन्न खोल्या आणि तीनशे पासष्ट खिडक्या असल्याच्या समजुतीमुळे लोकांनी त्याला ‘कॅलेंडर हाऊस’ म्हटले. हा हिशेब तंतोतंत जुळतो की नाही, हा प्रश्न गौण आहे. गिरण्यांच्या धुरापासून दूर जाणे ही त्या काळच्या धनिकांची गरज होती, आणि त्या धुरावरच त्यांची संपत्ती उभी होती. डिड्सबरीला रेल्वे आली १८८० मध्ये. तोवर येथे राहून शहरात कामकाज पाहणे प्रामुख्याने घोडागाडी बाळगणाऱ्यांनाच परवडणारे होते.

व्हिक्टोरियन व्हिलाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वाडा चौकाभोवती आत वळतो. कुटुंबीय, कारकून, नोकरचाकर एकमेकांच्या नजरेसमोर वावरतात. व्हिला बागेकडे तोंड करतो आणि आतल्या माणसांना एकमेकांपासून वेगळे ठेवतो. रॉबर्ट कर यांनी ‘द जंटलमन्स हाऊस’ (१८६४) या ग्रंथात खासगीपणाला पहिले तत्त्व मानले : कुटुंबाचा विभाग वेगळा, सेवकांचा वेगळा, जिनेही वेगळे. प्रत्येक खोलीला एक ठरीव काम आणि प्रत्येक दाराला एक ठरीव माणूस. ही मांडणी मुळातच प्रशासकीय आहे. म्हणूनच अशा घरांत कचेऱ्या सुखाने नांदू शकल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘टॉवर्स’मध्ये तर कचेरी रीतसर येण्याआधीच कारभार आला होता. १८७४ मध्ये हे घर बॉयलरनिर्माते डॅनियल अ‍ॅडम्सन यांच्याकडे गेले. २७ जून १८८२ रोजी त्यांनी लँकेशायरमधील नगरप्रमुख, उद्योजक आणि अभियंते यांना येथे बोलावले, आणि मँचेस्टर जहाज कालव्याच्या योजनेला चालना मिळाली. १ जानेवारी १८९४ रोजी कालवा वाहतुकीस खुला झाला. अ‍ॅडम्सन मात्र १८९० मध्येच निवर्तले होते.

१९२० मध्ये ब्रिटिश कापूस उद्योग संशोधन संघाने ही वास्तू घेतली. खासदार विल्यम ग्रीनवुड यांच्या देणगीमुळे संस्थेला त्यांच्या कन्येचे, शर्लीचे, नाव मिळाले. पूर्वी बहुधा पुरुषाचे मानले जाणारे हे नाव शार्लट ब्रॉन्टेच्या १८४९ मधील कादंबरीने स्त्रीनाम म्हणून रूढ केले. त्या कादंबरीचा विषय कापडगिरणीतील यंत्रे फोडणाऱ्या कामगारांशी निगडित होता, हा योगायोग वाङ्मयाच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येत नाही. शर्ली इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळांतूनच दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या पोशाखासाठी ‘व्हेंटाइल’ हे जलरोधक सुती कापड विकसित झाले.

खरा तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो. अशा रूपांतरांत दर्शनी दालने, मुख्य जिना, कोरीव शेकोट्या जपल्या जातात, कारण त्यांनी कचेरीची प्रतिष्ठा वाढते. धुणीघर, कोठार, मोलकरणींच्या माळ्यावरील खोल्या यांना अलंकरण नसते. त्या आधी पाडल्या जातात किंवा ओळखू न येण्याइतक्या बदलतात. संरक्षित वास्तूंच्या नोंदी वाचताना घरात राबणाऱ्यांचा माग लागत नाही. कुटुंब गेल्याची हळहळ करणारी लेखणी येथे गप्प का राहते, हे विचारले पाहिजे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस शर्ली इन्स्टिट्यूट अन्य वस्त्रसंशोधन संस्थेत विलीन झाली. पुढे या आवारात कार्यालयांचे संकुल वसले आणि त्याने घराचे जुने नाव घेतले. शर्लीचे नाव मात्र आपल्याकडे उरले. १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली. रुईतील कचरा मोजण्याचे यंत्र भारतीय कापूस परीक्षणात ‘शर्ली अ‍ॅनालायझर’ या नावानेच ओळखले जाते.