वीजतंत्री आणि बिलगावची वीज

नंदुरबार जिल्ह्यातील विजेच्या शिक्षणाचा इतिहास जिल्ह्यापेक्षा जुना आहे. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीचे सगळे पश्चिम खानदेशाच्या, म्हणजे धुळ्याच्या खात्यावर जमा आहे. या इतिहासाचे दोन भाग पडतात आणि त्यांची विभागणी भूगोलाने केली आहे. तापीकाठच्या सपाटीवर यंत्र आधी आले व शिक्षण मागून. सातपुड्यातल्या पाड्यांवर मात्र दोन्हींची वाट पाहावी लागली.

केंद्र सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, या योजनेतून उभ्या राहिल्या. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. तारा ओढणारे, खांबावर चढणारे, मोटारी दुरुस्त करणारे हात हवे होते, आणि ते घडवण्याची व्यवस्था याच काळात बसली. आज जिल्ह्यातील नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहाही तालुक्यांत शासकीय आयटीआय आहेत. संस्थेच्या फलकावर ‘वीजतंत्री’, ‘तारतंत्री’, ‘जोडारी’, ‘संधाता’ असे शुद्ध मराठी शब्द असतात. फाटकाबाहेर ते कोणी वापरत नाही. तिथे इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर आणि वेल्डर. घरी पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला त्यामुळे एकाच हत्याराची तीन-तीन नावे पाठ करावी लागतात.

वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मुलगा विजेला हात लावण्याआधी लोखंडाला हात लावतो: कानस, करवत, मापपट्टी. मग तारांचे सांधे येतात. ब्रिटानिया, मॅरीड, रॅटटेल ही सांध्यांची नावे परकी वाटली तरी काम साधे आहे. तार घट्ट बसली नाही तर तिथला रोध वाढतो, सांधा तापतो आणि आग लागते. त्यानंतर घराचे वायरिंग. जिन्याच्या खालून-वरून एकच दिवा लावता-विझवता येईल अशी दोन बटणांची जोडणी ही विद्यार्थ्याची पहिली खरी कसोटी. अर्थिंगसाठी खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांचे थर भरले जातात, कारण ओलावा धरून ठेवणारी माती विजेला वाट लवकर देते. पुढे स्टार-डेल्टा स्टार्टर, मेगर आणि मोटारीचे वाइंडिंग. सोबत कार्यशाळा गणित व अभियांत्रिकी चित्रकला असतातच, आणि बहुतेकांना तीच जड जातात. भारतीय वीज नियम, १९५६ यांनी वीजजोडणीची कामे परवानाधारकांपुरती मर्यादित केल्याने प्रमाणपत्राला वजन आले. ऊस, केळी, पपई आणि मिरचीला पाणी देणाऱ्या मोटारी जळत राहिल्या, त्यामुळे कामही मिळत राहिले. अर्थात रिवाइंडिंगची कला अनेकांनी आयटीआयत नव्हे, उस्तादाच्या दुकानात उकिडवे बसून उचलली.

१९८३ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या काळात राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. त्या लाटेत शहाद्यातही पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाने अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा त्यांचा उपक्रम पुढे राज्यातील काही माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीसाठी आला. मुलांनी गावातली खरी कामे करत शिकायचे, ही त्यातली कल्पना. खानदेशच्या दृष्टीने पाहिले तर दुसरी घटना अधिक मोलाची मानावी लागेल, कारण पदवीधर शहराकडे जातो आणि गावची मोटार गावातच जळते.

डोंगरातला अध्याय वेगळा आहे. नर्मदाकाठच्या पाड्यांवर धरणाविरुद्ध लढणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकात जीवनशाळा या नावाच्या शाळा सुरू केल्या. डोमखेडीत ओढ्यावर छोट्या वीजनिर्मितीचा प्रयोग झाला आणि मग जानेवारी २००३ मध्ये अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे उदई नदीच्या धबधब्यावर सुमारे १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला. केरळमधील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते आणि श्रमदान करणारे गावकरी यांचे हे काम. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच: सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटर खाली पडले तर सुमारे ९.८ किलोवॅट शक्ती मिळते. टर्बाइन व जनित्रातली गळती वजा जाता पाच-सहा किलोवॅट हाती लागते. बंधारा, पाट, टाकी, नळ, टर्बाइन या साखळीतला प्रत्येक दुवा डोळ्यांना दिसतो. फळ्यावरच्या आकृतीला हे जमत नाही. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटातील पाण्यावरच्या विजेचा प्रसंग अनेकदा बिलगावशी जोडला जातो.

प्रकल्प साडेतीन वर्षे चालला. ऑगस्ट २००६ च्या पुरात तो वाहून गेला. त्याच वर्षी नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढवली जात होती. त्या धरणाच्या वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॅट असून तिथल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे.