एका आगबोटीची भूक

इंग्रजीने ज्या नौकेला वाफेवरून नाव दिले, तिला मराठीने आगीवरून दिले. आगबोट, आणि पुढे तिच्याच धर्तीवर आगगाडी. भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दाकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. वाफ हे त्या यंत्राचे तत्त्व होते आणि ते ज्यांनी शोधले त्यांना ते कौतुकाचे होते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्या माणसाला मात्र दिसली ती आग, धूर आणि त्या आगीच्या तोंडी सतत घालावा लागणारा कोळसा. शिडाच्या गलबताला, मचव्याला, पडावाला काय खाऊ घालावे लागते, हा प्रश्न कोकणच्या दर्यावर्दी माणसाला कधी पडला नव्हता. वारा असला की जायचे, नसला की नांगर टाकून बसायचे. आगबोटीने 'किती जाळले आणि किती गेलो' हा हिशेब प्रथमच समुद्रावर आणला. प्रस्तुत लेखाचा विषय हा हिशेब आहे. अधिक नेमके सांगायचे तर मुंबईच्या एका आगबोटीचा हिशेब.

या बोटीचे नाव 'ह्यू लिंडसे'. ऑक्टोबर १८२९ मध्ये ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. गोदीचे मुख्य कारागीर तेव्हा नवरोजी जमशेटजी वाडिया होते. सांगाडा सागवानी, वजन ४११ टन, यंत्रे विलायतेहून आणवलेली, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन. दोन्ही कुशींना पाणी कापणारी चाके. नाव ठेवले होते ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी राहिलेल्या गृहस्थाचे. लंडनचे संचालक या आगबोटीच्या प्रकरणावर एकंदरीत नाराजच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या नामकरणातली मुंबईकरांची चतुराई ध्यानात येते.

कल्पना मुंबई सरकारची होती आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम तिचे पुरस्कर्ते होते. (मराठी वाचकाला माल्कम ठाऊक असतो तो १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा म्हणून. त्याच माणसाने बारा वर्षांनी सुएझचा रस्ता उघडण्याचा ध्यास घ्यावा, यात मला तरी विसंगती दिसत नाही.) विलायतेची टपाले तोवर आफ्रिकेला वळसा घालून जात आणि पत्राला उत्तर यायला सहज वर्ष लोटे. तांबड्या समुद्रातून सुएझ, तिथून उंटावरून कैरो आणि पुढे भूमध्य समुद्र, हा मार्ग कितीतरी जवळचा. पण अरबी समुद्रात वर्षाचे काही महिने वारा एका दिशेचा, पुढचे काही महिने दुसऱ्या दिशेचा; आणि तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात तो बहुधा समोरून. शिडांना तिथे वेळापत्रक पाळता येत नसे. वेळापत्रक आगबोट पाळू शकेल, असा हा सारा विचार होता.

अडचण एवढीच होती, की बोटीत साडेपाच दिवस पुरेल इतकाच कोळसा ठेवण्याची सोय होती. मुंबईहून पहिला मुक्काम एडन, अंतर १६४१ मैल, आणि तिथवर पोचायला लागणार किमान आठ दिवस. म्हणजे पहिल्याच मजलेत हिशेब चुकत होता. मग मुंबईच्या लोकांनी कोणीही व्यवहारी माणूस करील तेच केले: जागा मिळेल तिथे कोळसा भरला. कोठारे भरली, मग प्रवाशांच्या खोल्या भरल्या, मग मोकळी दिसेल ती जागा भरली. अकरा दिवसांचा साठा झाला तेव्हा बोट इतकी खोल बसली, की पाणी जवळजवळ पिछाडीच्या फळीला टेकले. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सनने ती मुंबईच्या बंदरातून बाहेर काढली. बोटीवर प्रवासी एकच होता. कोळशाने आणखी कोणासाठी जागाच ठेवली नव्हती.

यानंतर घडले ते इंधनाच्या इतिहासातले एक चांगले उदाहरण आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. जास्त कोळसा घेतल्याने बोट जड झाली. जड झाल्याने तिची चाके नको इतकी पाण्यात बुडाली. पाणी मागे लोटण्याऐवजी त्यांची पुष्कळशी शक्ती पाणी खाली दाबण्यात आणि वर उचलण्यात जाऊ लागली. वेग घटला, दिवस वाढले, आणि दिवस वाढले म्हणजे कोळसा वाढला. आठ दिवसांच्या वाटेला अकरा दिवस लागले, म्हणजे सरासरी ताशी जेमतेम सहा मैल. 'ह्यू लिंडसे' एडनला टेकली तेव्हा भट्टीत घालायला सहा तासांचा कोळसा उरला होता. बेत थोडा जरी चुकता तरी मुंबईच्या पहिल्यावहिल्या समुद्रगामी आगबोटीला शेवटचा टप्पा शिडावर काढावा लागला असता.

या बोटीची भूक इतकी मोठी का होती? कारणे तिच्या पोटातच होती. त्या काळच्या बाष्पकात वाफेचा दाब हवेच्या दाबाहून थोडासाच अधिक असे. वाफ एकाच सिलिंडरमध्ये एकदा ढकलण्याचे काम करी आणि तिच्यात उरलेली पुष्कळ उष्णता तशीच वाया जाई. शिवाय बाष्पकात पाणी भरले जाई ते समुद्राचे. ते उकळून आटले की मीठ मागे राहते, आतून क्षारांचे कवच चढते, आणि कवच चढले की तीच आग निम्म्या कामाची उरते. उपाय म्हणून मधूनमधून खारट झालेले कढत पाणी समुद्रात सोडून द्यायचे आणि नवे गार पाणी आत घ्यायचे. म्हणजे मीठ टाळण्यासाठी उष्णता फेकायची. चुलीवर तापलेले आधण दर तासाला मोरीत ओतून पुन्हा गार पाणी ठेवणाऱ्या घराची कल्पना करावी.

बचतीचे मार्ग मात्र नाविकांना लवकरच कळले. वारा अनुकूल असला की शिडे उभारायची आणि आग मंद करायची. वेगाचा हट्ट धरायचा नाही, कारण नौकेला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनप्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर ताशी जळणारा कोळसा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटतो. वेळ जास्त लागतो हे धरूनही तेवढ्याच अंतराला जवळजवळ पाचवा हिस्सा वाचतो. आजही नवी मोटरबोट घेणाऱ्याला जाणती माणसे पहिला सल्ला देतात तो हाच, आणि नवा मालक बहुधा तोच प्रथम विसरतो. दुसरे म्हणजे तळ स्वच्छ ठेवायचा. शंख-शिंपले आणि शेवाळ धरलेली नौका तेवढ्याच आगीत कमी जाते. तिसरी गोष्ट कागदावर क्वचित येते. भट्टीत कोळसा पातळ आणि सारखा पसरणे, राख वेळेवर काढणे, भट्टीचे दार गरजेपुरतेच उघडणे, यावर खप फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असे. हे काम आगवाल्यांचे. पुढील काळात मुंबई आणि एडनच्या बोटींवर या कामाला पुष्कळदा सिदी असत. तांबड्या समुद्राच्या उन्हात, बोटीच्या तळाशी, भट्टीसमोर उभे राहणाऱ्या या माणसांच्या फावड्यावर कंपनीचा नफातोटा ठरत होता. कप्तानांची नावे आपल्याला मिळतात. यांची मिळत नाहीत.

'ह्यू लिंडसे' २२ एप्रिलला सुएझला पोचली. ३३ दिवसांपैकी सुमारे बारा दिवस ठिकठिकाणी कोळसा भरण्यात गेले होते. हा कोळसाही तिथला नव्हे. तो आधी शिडाच्या जहाजांनी नेऊन एडन, जेद्दा अशा बंदरांत ठेवावा लागला होता. म्हणजे एक आगबोट चालावी म्हणून तिच्यापुढे वाऱ्यावर चालणारी जहाजे धावत होती. नव्या युगाचे हे दृश्य त्या युगाच्या गौरवग्रंथांत फारसे दिसत नाही. खर्चाचा आकडा पाहून लंडनने नापसंती कळवली, तरी मुंबईने फेऱ्या चालू ठेवल्या. डिसेंबर १८३० मध्ये खुद्द माल्कम निवृत्त होऊन याच बोटीने स्वदेशी निघाले.

१८३४ मध्ये पार्लमेंटची एक समिती या प्रश्नावर बसली. तिच्यापुढे कंपनीच्या वतीने बोलणाऱ्यांत एक नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थबकून वाचावे असे आहे: टॉमस लव्ह पीकॉक. शेलीचा मित्र, 'नाइटमेअर ॲबी'चा कर्ता. इंग्रजीच्या वर्गात पीकॉक शिकवला जातो तो स्वच्छंदतावाद्यांची थट्टा करणारा विनोदी कादंबरीकार म्हणून. तो कंपनीच्या कचेरीत अनेक वर्षे नोकरी करीत होता आणि आगबोटींचा तिथला जाणकार होता, ही बाब बहुधा तळटीपेत जाते. त्याला तांबड्या समुद्रापेक्षा युफ्रेटिस नदीचा मार्ग अधिक पसंत होता, रशियाची भीती हे त्यामागचे एक कारण. लोखंडी आगबोटी बांधवून घेण्यातही त्याचा मोठा हात होता. गंमत अशी की, 'क्रॉचेट कॅसल' या १८३१ च्या कादंबरीत त्याने वाफेचे नाव लावणाऱ्या एका ज्ञानप्रसारक सभेची यथेच्छ टिंगल केली आहे. दिवसा कोळशाचे टिपण करायचे आणि रात्री प्रगतीच्या भक्तांना हसायचे. पीकॉकला मी ढोंगी म्हणणार नाही. यंत्र आतून पाहिलेल्या माणसाला त्याच्या स्तोत्रांचे हसू येणे साहजिक आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्या बोटीला हजार-सोळाशे मैलांवर कोळसा हवा, तिला त्या अंतरावर हक्काचे बंदर हवे. एडनला पहिल्या फेरीत कोळसा चढवायला पुरेशी माणसेही मिळाली नव्हती. पुढे मकल्ला वापरून पाहिले. १८३५ च्या सुमारास सोकोत्रा बेटावर फौज उतरवली. ती तापाने इतकी आजारी पडली की बेट सोडावे लागले. पुन्हा नजर एडनवर गेली. १८३७ मध्ये 'दर्या दौलत' नावाचे ब्रिटिश निशाणाचे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले. त्याचे निमित्त करून कॅप्टन हेन्सने लाहेजच्या सुलतानाशी बंदराचा सौदा सुरू केला. तो फिसकटला तेव्हा १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले. त्या फौजेत गोऱ्या पलटणीबरोबर मुंबई इलाख्याच्या देशी पायदळाचे शिपाईही होते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत साम्राज्याला जोडलेला हा पहिला मुलूख. लुटलेले जहाज आणि निशाणाचा अपमान ही कारणे कागदोपत्री आहेत आणि ती अगदीच खोटी नाहीत. पण बाष्पकातून समुद्रात सोडलेले कढत पाणी आणि बुडालेली चाके हिशेबात धरल्याशिवाय एडनच का, याचे उत्तर मिळत नाही. आपल्या इतिहासलेखनात तह, लढाया आणि गव्हर्नरांच्या स्वभावांना जितकी पाने मिळतात, त्याच्या शतांशही यंत्राच्या भुकेला मिळत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

त्याच साली, १८३९ मध्ये, याच वाडिया घराण्यातले अर्देशीर खर्शेटजी वाफेच्या यंत्रांचा अभ्यास करण्यासाठी विलायतेला गेले. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परतल्यावर मुंबईच्या गोदीतील वाफेच्या कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले.

कोळशाची भूक पुढे खरोखरच कमी झाली. वाफ पुन्हा गोड्या पाण्यात रूपांतरित करून बाष्पकात परत आणणारे यंत्र आले, त्यामुळे मिठाचा प्रश्न सुटला आणि दाब वाढवता आला. जॉन एल्डरने १८५४ मध्ये तीच वाफ आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरमध्ये दोनदा कामाला लावली. १८६६ मध्ये आल्फ्रेड होल्टची 'ॲगमेम्नॉन' लिव्हरपूलहून निघून वाटेत कोळसा न घेता साडेआठ हजार मैलांवरील मॉरिशसला पोचू शकली. 'ह्यू लिंडसे'च्या सोळाशे मैलांशी ही तुलना करून पाहावी.

तर मग एडनची गरज संपायला हवी होती. घडले उलटेच. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्सने 'द कोल क्वेश्चन' या पुस्तकात दाखवले होते, की कोळसा काटकसरीने जाळणारे यंत्र आले म्हणजे देशातला कोळशाचा खप कमी होत नाही, वाढतो. कारण स्वस्त झालेली गोष्ट अधिक लोक अधिक ठिकाणी वापरू लागतात. समुद्रावरही तेच झाले. पूर्वी मालवाहू आगबोट परवडत नव्हती, ती आता परवडू लागली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि त्यातून जाणाऱ्या बोटींच्या रांगा एडनला कोळशासाठी थांबू लागल्या. बंदर वाढले, लष्कर वाढले, तुरुंगही होताच. कारभार मुंबई इलाख्याचा होता आणि १९३२ पर्यंत तो तसाच राहिला.

त्यामुळे जन्मठेपेच्या कैद्याला इलाख्याच्या हद्दीतच, पण घरापासून समुद्रापार ठेवायचे असेल, तर मुंबई सरकारला दूर शोधायला जावे लागत नसे. जानेवारी १८८० मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांना आगबोटीने एडनला नेण्यात आले. तिथून ते तुरुंगाचे दार उखडून निसटले, पण पकडले गेले. आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.