औंढ्याचा काळा दगड आणि कॅमेरा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळाच्या आवारात मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. आकाश झकास येतं, देऊळ मात्र काळंठिक्कर पडतं. तक्रार खरी आहे आणि ती मोबाइलपेक्षा खूप जुनी आहे.

फोटो काचेवर काढले जात त्या काळी हिंगोली निजामाच्या राज्यात होती. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ याच राज्यातल्या वास्तू काचेवर टिपत होते. औंढ्याच्या देवळाची दखल पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात घेतली. तो 1931 साली प्रसिद्ध झाला. कझिन्स यांच्या आधीच्या पिढीची ओली काच तर वाळायच्या आत धुवावी लागे, म्हणून छायाचित्रकार अंधारा तंबू बरोबर घेऊन हिंडत. पुढे कोरड्या काचा आल्या आणि तंबू सुटला. पण त्या काळच्या साध्या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. दगडावरचं नक्षीकाम उमटेपर्यंत थांबलं, की आकाश पांढरं पडे. जुन्या चित्रांत देवळामागे ढग क्वचितच दिसतात, त्याचं कारण हे.

आजचा फोन उलट बाजूने चुकतो. समोरच्या लख्ख आकाशाला सांभाळताना तो दगडाला अंधारात टाकतो. उपाय सोपा आहे: पडद्यावर दगडावर बोट टेकवायचं, की उजेडाचा हिशेब दगडावरून होतो. एचडीआर सुरू असेल तर फोन कमी-जास्त उजेडाची अनेक चित्रं घेऊन एकात गुंफतो. आणि नक्षी उठून दिसायला हवी तर दुपारी जाऊ नये. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच शिल्पांना सावली मिळते. हे कोणत्याही यंत्राने बदललेलं नाही.

काच आणि फोन यांच्या मधला काळ फिल्मच्या रोलचा आणि स्टुडिओचा. भारतात बडोद्याला बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. 1993 नंतर मतदार ओळखपत्रांनी खेड्यापाड्यांतल्या अनेकांना पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. आता पोर्ट्रेट मोड मागचं दृश्य आकडेमोड करून धूसर करतो आणि केसांच्या कडेला अनेकदा फसतो. झूमचंही तसंच आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे फोन चित्र फक्त कापून मोठं करतो, म्हणून शक्य तिथे दोन पावलं पुढे जावं.

हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. त्याआधीचं इथलं कितीतरी आयुष्य, लग्नं, जत्रा, शाळांचे गट, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या निगेटिव्हांत अडकलेलं आहे. घरात अशी एखादी पट्टी सापडली तर फेकू नका. पांढऱ्या उजळ पडद्यासमोर धरून ती फोनने टिपा, रंग उलटे करा आणि त्या फोटोसोबत गाव, साल, माणसांची नावं लिहून ठेवा.