चाकणच्या कोटाभोवती एक फेरी

जर्मनीतील हॅनोव्हर शहरात फुटपाथवर एक लाल रेघ रंगवलेली आहे. लांबी ४.२ किलोमीटर. तिच्या मागोमाग चालत गेले की ३६ ठिकाणे आपली आपण पाहून होतात, वाटाड्या लागत नाही. कल्पना साधीच, पण शाळेच्या सहलीसाठी उचलावी अशी. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ साली सुरू झाले. तेव्हापासून गावाचे नाव मोटारींशीच जोडले जाते. तिथे अशी रेघ ओढायची तर ती संग्रामदुर्गाभोवती ओढावी लागेल.

हा भुईकोट. बराचसा पडून गेला आहे. तटाचे तुकडे, काही बुरूज आणि खंदकाच्या खुणा एवढेच उरले आहे. म्हणून जाण्यापूर्वी मुलांना ग्रँट डफचे वर्णन सांगावे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. कोट जवळजवळ चौरस, कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बुरूज, खंदक सुमारे ३० फूट रुंद व १५ फूट खोल, पण पाणी फक्त उत्तरेकडे, असे तो लिहितो. हे वर्णन आणि एक होकायंत्र एवढ्या सामग्रीवर मुलांना कोटाचा नकाशा काढू द्या. कुठे काय नाहीसे झाले ते त्यांचे त्यांनाच कळेल.

फेरीत जास्तीत जास्त वेळ ईशान्य कोपऱ्यावर थांबावे. २१ जून १६६० रोजी शाहिस्तेखान चाकणपुढे आला. अहमदनगरहून येणारी रसद सुरक्षित राहावी म्हणून त्याला हे ठाणे हवे होते. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसे. पावसाने मोगलांची दारू भिजली, धनुष्यांच्या दोऱ्या सैल पडल्या, असे खाफीखान सांगतो. तरी ५४ दिवस खपून त्यांनी आपल्या मोर्चापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भुयार नेले.

इथे मुलांना विचारावे : असे भुयार राजगडाखाली का खणले नाही? डोंगरी किल्ला काळ्या कातळावर बसलेला असतो, भुईकोटाखालची जमीन कुदळीला दाद देते. पण खंदक १५ फूट खोल, म्हणजे भुयार त्याहून बरेच खाली हवे. त्यातून पावसाळा, आणि उत्तरेचा खंदक पाण्याचा! वरचे पाणी झिरपून भुयारात उतरणार. ५४ दिवस का लागले असतील याचा अंदाज यावरून येतो.

दुसरा प्रश्न अधिक चांगला आहे. बंद भुयारात हवा बेताचीच, मग दारू जळते कशी? दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. जळायला लागणारा ऑक्सिजन तोच पुरवतो, बाहेरच्या हवेवाचून अडत नाही. क्षणात तयार झालेल्या तप्त वायूंना भुयारात पसरायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि वरची जमीन बुरुजासकट उडते. भुयाराचे तोंड आधी बुजवून घेतात ते यासाठीच.

१४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडाला. बुरूज आणि त्यावरची माणसे गेली. मोगल खिंडाराकडे धावले, तर आत मातीचा उंच बांध तयार! फिरंगोजीच्या लोकांनी तो आधीच घालून ठेवला होता. भुयार कुठे येते आहे याचा सुगावा त्यांना लागला असावा, असे मला वाटते. त्या बांधाने सबंध रात्र काढली. १५ ऑगस्टला मोगल तट चढून आत आले आणि किल्ला वाटाघाटीने त्यांच्या हवाली झाला. त्यांची २६८ माणसे मेली होती, ६०० जखमी होती.

परतताना कोटातले दामोदर-विष्णूचे मंदिर पाहावे. वेळ असेल तर चक्रेश्वरालाही जावे, तिथल्या जुन्या मूर्ती पाहण्यासारख्या आहेत. चाकण हे नाव त्याच चक्रावरून आले असे गावात सांगतात. विजयानंतर मोगलांनी गावाला इस्लामाबाद म्हणायचे ठरवले होते. ते नाव टिकले नाही.