साचेकाम, सातारा–सांगली परिसरातील

उष्णतेने द्रव वा मऊ झालेल्या पदार्थास साच्याच्या साहाय्याने इष्ट आकार देण्याच्या क्रियेस साचेकाम म्हणतात. प्लॅस्टिक उद्योगाचा हा पाया असला, तरी त्याची मूलतत्त्वे प्लॅस्टिकपूर्व काळातील आहेत. कृष्णा खोऱ्यातील दोन उद्योगवसाहतींच्या इतिहासावरून ती स्पष्ट होतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभारला. हीच सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे त्यांच्या नांगरांना आरंभी गिऱ्हाईक मिळेना. तथापि अनुभवाअंती तो शेतकऱ्यांना पटला. नांगराचे बिडाचे भाग ओतीव असत. सु. १,२००° से. तापमानास बीड पातळ होऊन वाहते व निवताच झपाट्याने घट्ट होते. म्हणून ते वाळूच्या साच्यात ओततात. लाकडी फर्मा पुनःपुन्हा वापरता येतो. वाळूचा साचा मात्र दर खेपेस मोडावा लागतो.

काचेची गोष्ट वेगळी. तिला निश्चित वितळबिंदू नसल्याने ती हळूहळू घट्ट होते आणि कारागिरास अवधी मिळतो. ओगले बंधूंनी १९१६ मध्ये सातारा जिल्ह्यात कराडजवळ काच कारखाना काढला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. कंदिलाची काच घडविण्याच्या रूढ पद्धतीत नळीच्या टोकावर घेतलेला काचरसाचा गोळा दुभंगणाऱ्या साच्यात फुंकतात. नंतर ती भट्टीत सावकाश निववितात (अनुशीतन). अन्यथा अंतर्गत ताणामुळे ती तडकते.

ऊष्मामृदू प्लॅस्टिकही काचेप्रमाणे मऊ होते. मात्र सर्वसाधारणपणे १५०° ते ३००° से. तापमान त्यास पुरते. तप्त प्लॅस्टिकची नळी साच्यात धरून आत हवा भरली, की बाटली तयार होते. हे काच फुंकण्याचेच यांत्रिक रूप होय. द्रव प्लॅस्टिक दाबाने बंद साच्यात घुसविण्याची अंतःक्षेपण पद्धत ओतकामाशी नाते सांगते. तिचे आद्य यंत्र हायट बंधूंनी अमेरिकेत १८७२ मध्ये केले. या पद्धतींत कौशल्याचे केंद्र फुंकणाऱ्याच्या श्वासाकडून पोलादी साचा घडविणाऱ्याकडे सरकले.

विजेच्या प्रसाराने कंदिलाची मागणी ओसरली. कालांतराने ओगले कारखाना बंद पडला व काच फुंकणाऱ्यांच्या कसबाला तेथे वाव उरला नाही. किर्लोस्करवाडी पंपनिर्मितीमुळे टिकून राहिली.