अन्नाची पेढी

दुष्काळांत माणसें उपाशी मरतात हें दुःखद असलें तरी त्यांत नवल नाहीं. आकाश कोरडें पडलें, शेतें करपलीं, पेवें रिकामीं झालीं, म्हणजे भुकेला कारण दाखवितां येतें. परंतु कोठारें तुडुंब भरलेलीं असतां, फळांचे ढीग झाडांखालीं नासत असतां आणि दुकानांच्या मागील दारीं पाव व भाज्या उकिरड्यावर फेंकल्या जात असतां, त्याच शहरांत मुलें उपाशी निजतात तेव्हां त्या भुकेला कारण काय सांगावें? अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांसारख्या संपन्न राष्ट्राला विसाव्या शतकांत हा प्रश्न पुन्हां पुन्हां पडला. त्याचें एक व्यवहारी उत्तर १९६७ सालीं फीनिक्स या शहरांत निघालें. त्या उत्तराचें नांव अन्नपेढी.

हा प्रश्न त्या देशाला नवा नव्हता. १९२९ नंतरच्या महामंदींत शेतमालाचे भाव इतके कोसळले कीं ते सांवरण्यासाठीं १९३३ सालीं सरकारनें सुमारें ६० लक्ष डुकरें विकत घेऊन मारविलीं. आणि त्याच सुमारास शहरोशहरीं बेकारांच्या रांगा पावाच्या तुकड्यासाठीं ताटकळत उभ्या होत्या. या विसंगतीनें लोकमत खवळलें. शेतकऱ्यांजवळील अधिक माल सरकारनें घ्यावा व गरजूंना वांटावा, अशी योजना त्याच वर्षीं निघाली. पुढें १९३९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं अन्नाचीं तिकिटें देण्यास आरंभ झाला. तीं १९४३ सालीं बंद पडलीं आणि १९६४ च्या कायद्यानें त्यांना कायमचें रूप आलें. म्हणजे सरकार अगदींच हातावर हात ठेवून बसलें नव्हतें. परंतु सरकारी मदतीला नियमांची चौकट असते, आणि भूक चौकट पाहून लागत नाहीं. शिवाय कारखान्यांत, दुकानांत आणि मळ्यांत रोजच्या रोज जें वांयां जाई, त्याचा वाली कोणीच नव्हता.

फीनिक्स हें अरिझोना संस्थानांतील मुख्य शहर भर वाळवंटांत वसलेलें आहे. १९११ सालीं पुरें झालेल्या रूझवेल्ट धरणाच्या पाण्यानें त्या प्रदेशाचा कायापालट केला आणि संत्रीं, लिंबें व पपनसें यांच्या बागा तेथें डोलूं लागल्या. पुढें बागांच्या जागीं घरें झालीं तरी पुष्कळ अंगणांतून तीं झाडें राहिलीं. हंगामांत त्यांचीं फळें गळून पडत व तेथेंच सडत. या शहरांत १९६० नंतरच्या दशकांत जॉन व्हॅन हेंगेल नांवाचा एक गृहस्थ येऊन राहिला. त्याचा जन्म १९२३ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉपन गांवीं झाला होता. त्यानें व्यवसाय केला, पैसा पाहिला. परंतु पुढें संसार मोडला, मानेला व पाठीला जबर दुखापत झाली, आणि प्रकृति सुधारावी म्हणून तो उष्ण हवेच्या आश्रयास आला. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहींच उरलें नव्हतें. वेळ मात्र भरपूर होता.

तो वेळ त्यानें सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या भोजनगृहांत घालविण्यास आरंभ केला. तेथें निराधारांना फुकट जेवण मिळे. भोजनगृहाची कोठी नेहमीं तोकडी, आणि शहरभर फळें कुजत पडलेलीं. या दोन गोष्टींची सांगड त्यानें घातली. लोकांच्या परवानगीनें तो झाडांवरचीं फळें उतरवूं लागला. एक जुनी दुधाची मोटार मिळवून त्यानें इतका माल आणला कीं भोजनगृहाला तो संपविणें अशक्य झालें. आपल्याकडे पीक निघाल्यावर रानांत पडून राहिलेलीं कणसें व दाणे गोरगरीब वेचून नेतात, त्याला सरवा म्हणतात. व्हॅन हेंगेलनें आरंभिलें तें सरवा वेचणेंच होतें. मात्र तें शेतांत नसून शहरांत होतें.

याच भोजनगृहांत येणाऱ्या एका स्त्रीशीं त्याची गांठ पडली. तिला दहा मुलें होतीं आणि नवरा फांशीच्या शिक्षेखालीं तुरुंगांत होता. एवढ्या मुलांना ती पोसते कशी, असें विचारतां तिनें सांगितलें कीं मोठ्या दुकानाच्या मागच्या कचऱ्याच्या पिंपांतून. तेथें चांगलें गोठविलेलें अन्न, सुटीं गाजरें, शिळा परंतु निर्दोष पाव असें कितीतरी टाकलेलें असे. तिची एकच तक्रार होती. जें फेंकलेंच जाणार, तें पिंपांत जाण्याऐवजीं कोठें तरी नीट ठेवलें जावें. ज्याच्यापाशीं जास्त आहे त्यानें तेथें भरावें, ज्याला हवें त्यानें काढावें. पैशांची पेढी असते तशी अन्नाची पेढी असावी. अर्थशास्त्राचे मोठाले ग्रंथ अभ्यासून जें सुचलें नाहीं, तें त्या मातेला गरजेनें सुचविलें.

व्हॅन हेंगेलनें ती कल्पना उचलली. सेंट मेरी नांवाच्या रोमन कॅथॉलिक ख्रिस्तमंदिरानें त्याला ३,००० डॉलर आणि ओस पडलेली एक जुनी भटारखान्याची इमारत दिली. १९६७ सालीं तेथें सेंट मेरी अन्नपेढी सुरू झाली. पहिल्याच वर्षीं २,७५,००० पौंड, म्हणजे सुमारें १२५ टन अन्न तिनें ३६ संस्थांना पुरविलें. जगांतील पहिली अन्नपेढी म्हणून तिचाच उल्लेख करण्यांत येतो.

अन्नछत्र, सदावर्त, माधुकरी या गोष्टी ज्या समाजाच्या अंगवळणीं पडलेल्या आहेत, त्याला यांत नवें काय, असा प्रश्न पडणें स्वाभाविक आहे. नवें आहे तें दातृत्वांत नसून व्यवस्थेंत आहे. अन्नछत्रांत दाता आणि भुकेला समोरासमोर येतात. छत्राचा धनी स्वतःचें धान्य खर्चून पान वाढतो. अन्नपेढी बहुधा पान वाढीत नाहीं. ती मध्यस्थ आहे. एका बाजूला उत्पादक, घाऊक व्यापारी, शेतकरी व दुकानदार. दुसऱ्या बाजूला भोजनगृहें, अनाथालयें, धर्मसंस्था आणि वस्त्यांतून शिधा वांटणाऱ्या लहान मंडळ्या. एखाद्या कारखान्यांत डब्यावरचें चिठोरें चुकीचें छापलें जातें, खोक्याचा कोपरा चेपतो, मागणीपेक्षां माल अधिक निघतो किंवा विक्रीची मुदत जवळ येते. असा माल बाजाराच्या कामाचा राहत नाहीं, पोटाच्या कामाचा राहतो. पेढी तो मालमोटारींनीं आणते, तोलते, निवडते, नासकें बाजूला काढते, थंड ठेवण्याजोगें शीतगृहांत ठेवते आणि नोंद करून पुढें पाठविते. ही निवडटिपण बव्हंशीं स्वयंसेवकांच्या हातून होते. दहा ठिकाणच्या दहा लहान संस्थांनीं दारोदार फिरण्यापेक्षां एका जागीं जमाखर्च ठेवला म्हणजे दात्याला विश्वास वाटतो आणि घेणाऱ्याला शाश्वति मिळते. पेढी या शब्दाचें सार्थक या वहीखात्यांत आहे.

फीनिक्सचें हें काम पाहून १९७५ च्या सुमारास मध्यवर्ती सरकारनें इतर शहरीं अशा पेढ्या काढण्यासाठीं अनुदान दिलें. १९७६ सालच्या करविषयक कायद्यानें मालाच्या रूपानें दान करणाऱ्या कंपन्यांना प्राप्तीवरील करांत अधिक सवलत मिळाली. त्यामुळें उरलेला माल फेंकण्यापेक्षां देणें हें केवळ पुण्याचेंच नव्हे तर फायद्याचेंहि झालें. १९७७ पर्यंत १८ शहरांत पेढ्या उभ्या राहिल्या, आणि १९७९ सालीं त्या सर्वांची एक मध्यवर्ती संस्था व्हॅन हेंगेलनें स्थापिली. तिचें नांव सेकंड हार्व्हेस्ट, म्हणजे दुसरी सुगी. पहिली सुगी मालकाची, दुसरी सरव्याची, हा भाव त्या नांवांत उतरला आहे. २००८ पासून ही संस्था फीडिंग अमेरिका या नांवानें ओळखली जाते आणि सुमारें २०० पेढ्या तिच्या छत्राखालीं आहेत.

दात्यांना आणखी एक धास्ती होती. दिलेलें अन्न खाऊन कोणी आजारी पडला तर फिर्याद होईल, म्हणून पुष्कळ कंपन्या माल नष्ट करणें पत्करीत. १९९६ सालीं झालेल्या एका कायद्यानें ही अडचण दूर केली. सद्हेतूनें केलेल्या अन्नदानाबद्दल, अक्षम्य हयगय झाली नसेल तर, दात्यावर दावा चालणार नाहीं, असें त्यानें ठरविलें. त्याच वर्षीं दिवंगत झालेले मिसूरीचे प्रतिनिधि बिल एमर्सन यांचें नांव त्या कायद्याला देण्यांत आलें.

व्याप वाढला तशी वांटपाची अडचणहि वाढली. मध्यवर्ती संस्थेकडे आलेला माल पूर्वीं पाळीपाळीनें पेढ्यांना दिला जाई. कोणाला काय हवें हें दूरच्या कचेरींत कसें कळावें? बटाट्यांचें आगर असलेल्या आयडाहोकडे बटाटेच पाठविले जावे, असे प्रकार सांगितले जात. म्हणून २००५ सालीं शिकागो विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्यानें एक नवी पद्धति अमलांत आली. प्रत्येक पेढीला तिच्या भागांतील गरजूंच्या प्रमाणांत गुण मिळूं लागले. हे गुण म्हणजे पेढ्यांपुरतें चलन. आलेल्या मालावर रोज दोनदां बोली होते. ज्याला जें खरोखर हवें, त्यासाठीं तो गुण खर्चितो. लहान पेढ्यांना उधारीचीहि सोय ठेवली होती. बाजाराची युक्ति गरिबाच्या विरुद्ध नव्हे तर गरिबासाठीं वापरतां येते, याचें हें एक ठळक उदाहरण आहे.

मुलांच्या बाबतींत एक गोष्ट उल्लेखण्याजोगी आहे. १९९० नंतरच्या दशकांत आर्कान्सा संस्थानांतील एका शाळेच्या परिचारिकेच्या ध्यानीं आलें कीं पोटदुखी व भोवळ यांची तक्रार घेऊन येणारीं कांहीं मुलें आजारी नसून उपाशी आहेत. आठवडाभर शाळेंत जेवण मिळे. शनिवार-रविवार कोरडे जात. तेथील अन्नपेढीनें शुक्रवारीं अशा मुलांच्या हातीं शिध्याची पिशवी देण्यास आरंभ केला. आणि ती इतर दप्तरांसारखींच दिसेल अशी केली. मुलाची भूक भागावी, परंतु ती चारचौघांत उघडी पडूं नये, हा विचार त्या दप्तरामागें होता. पोटाइतकीच मानहि जपावी लागते, हें त्या परिचारिकेनें आणि त्या पेढीनें ओळखलें.

कल्पना समुद्रापार गेली. १९८१ सालीं कॅनडांतील एडमंटन येथें, १९८४ सालीं पॅरिस येथें अशा पेढ्या निघाल्या. १९८६ सालीं यूरोपांतील पेढ्यांचा संघ झाला आणि २००६ सालीं जागतिक संघटना उभी राहिली. मुंबईच्या डबेवाल्यांनीं २०१५ सालीं समारंभांतील उरलेलें अन्न भुकेल्यांपर्यंत पोंचविण्याचें काम हातीं घेतलें, त्यालाहि त्यांनीं 'रोटी बँक' हेंच नांव दिलें.

तथापि या यशालाच एक काळी किनार आहे. एडमंटनची पेढी निघाली ती मंदीच्या दिवसांपुरता तात्पुरता उपाय म्हणून; मंदी गेली, पेढी राहिली. अमेरिकेंतहि १९८१ च्या अखेरीस सरकारी वखारींत पडून राहिलेलें ३ कोटि पौंड चीज गरिबांस वांटण्याचें अध्यक्ष रेगन यांनीं ठरविलें, तेव्हां तो अडीअडचणीचा मार्ग वाटला होता. परंतु ती वांटणीहि पुढें कायम झाली. १९९८ सालीं समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांनीं 'स्वीट चॅरिटी?' या ग्रंथांत स्पष्ट आक्षेप घेतला कीं अन्नदानाच्या समाधानानें समाजाची टोंचणी बोथट होते, आणि मजुरी अपुरी कां, घरभाडें जड कां, सरकार आपलें कर्तव्य कां टाळतें, हे प्रश्न मागें पडतात. या आक्षेपाला पेढ्यांनीं कानाआड केलें नाहीं. फीडिंग अमेरिका ही संस्थाच सांगते कीं पेढ्या एक जेवण पुरवितात तेव्हां सरकारी अन्नसाहाय्यानें नऊ जेवणें मिळतात. म्हणजे सरकारनें हात आंखडला तर ती तूट पेढ्यांना भरून काढतां येणार नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें रोजगार बुडाले, तेव्हां पेढ्यांपुढें मोटारींच्या मैलमैल रांगा लागल्या आणि अरिझोनांत राष्ट्ररक्षक दलाचे जवान अन्नाचीं खोकीं भरावयास आले. रांगेंतील कित्येक जण आयुष्यांत प्रथमच अशा दारीं उभे होते. पेढी नसती तर त्या दिवशीं त्यांनीं कोठें जावें? आणि ज्या देशांत एक पगार चुकतांच घरची चूल थंडावते, त्या देशाच्या संपत्तीचा अर्थ काय? या दोन प्रश्नांपैकीं पहिल्याचें उत्तर पेढीपाशीं आहे. दुसऱ्याचें तिच्यापाशीं नाहीं, आणि तें तिच्याकडून मागणेंहि न्यायाचें नाहीं.

व्हॅन हेंगेल २००५ सालीं फीनिक्स येथें वारला. ज्याच्या वह्यांतून कोट्यवधि पौंड अन्न फिरलें, तो स्वतः एका मोटारखान्यावरील खोलींत राही आणि दुसऱ्यांनीं वापरलेले कपडे घाली. त्यानें लावलेली पेढी आजहि अरिझोनाच्या मोठ्या भागाला अन्न पुरवीत आहे. इतर पेढ्यांचा लौकिक ठेवी वाढल्यानें वाढतो. या पेढीच्या ठेवी वाढल्या म्हणून आनंद मानावा, तर काढणाऱ्यांची रांगहि वाढलेली दिसते. म्हणून तिचें खरें यश कोणत्याहि ताळेबंदांत दिसावयाचें नाहीं. ज्या दिवशीं भरणारे पुष्कळ असतील आणि काढावयास कोणी येणार नाहीं, त्या दिवशीं ती बंद करावी लागेल. आणि पेढी बंद पडल्याचा आनंद तिच्या चालकांनाच सर्वांत अधिक होईल. तो दिवस येईपर्यंत तिचें दार उघडें असणें, हेंच शहाणपणाचें आणि माणुसकीचें आहे.