एफ १०१० (विमान)

एफ १०१० हे डी हॅविलँड डी.एच. ९ए प्रकारचे, दोन आसनांचे ब्रिटिश बाँबफेकी विमान आहे. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून दिल्या गेलेल्या विमानांपैकी ते एक असून लंडनमधील हेंडन येथील रॉयल एअर फोर्स संग्रहालयात जतन केलेले आहे. परभणीसह सारा मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता.

ही विमाने रॉयल एअर फोर्सच्या ११०व्या स्क्वाड्रनकडे गेली आणि 'हैदराबाद' हे नाव स्क्वाड्रनला कायमचे जोडले गेले. स्क्वाड्रन सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधून लढाईत उतरली. जर्मन शहरांवर दिवसाउजेडी हल्ले करण्याच्या कामगिरीत तिची मोठी हानी झाली. ५ ऑक्टोबर १९१८ रोजीच्या मोहिमेतून एफ १०१० परतले नाही. ते जर्मनांच्या हाती लागले व त्यातील दोघे युद्धकैदी झाले.

ओळखीच्या खुणा

निजामाच्या विमानांवर देणगीदाराचा उल्लेख, 'हैदराबाद' हे नाव आणि भेटीचा क्रमांक रंगवलेला असे. अभ्यासकाचे लक्ष प्रथम याच मजकुराकडे जाते. पण विमानाची ओळख पटवण्यास तो पुरेसा नाही. भेटीदाखल मिळालेले विमान नष्ट झाले, की तेच नाव बदली विमानाला देण्याची तेव्हा पद्धत होती. स्क्वाड्रनमधील ओळखीचे अक्षरही असेच एका विमानाकडून दुसऱ्याकडे जाई. एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढील आकडे असा अनुक्रमांक मात्र एका विमानाला एकदाच मिळे. एफ १०१० हा क्रमांक येओव्हिल येथील वेस्टलँड कारखान्याला दिलेल्या क्रमांकमालिकेतला आहे.

त्या काळातील जर्मन विमानांच्या लाकडी प्रोपेलरांबाबतही असाच विवेक ठेवावा लागतो. प्रोपेलरच्या मधल्या तुंब्यावर इंजिनाचे नाव व अश्वशक्ती (जर्मन संक्षेप 'पी.एस.'), सेंटिमीटरमधील व्यास ('डी'), चढ ('एस.टी.', म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलरने तत्त्वतः पुढे सरकायचे अंतर) आणि अनुक्रमांक ठोकलेले आढळतात. '१६० पी.एस. मर्सिडीज' या शिक्क्यावरून इंजिन कळते, विमान नव्हे. कारण तेच इंजिन अल्बाट्रोस आणि फोकर या दोन्ही कंपन्यांच्या लढाऊ विमानांत वापरले गेले. निर्मात्याचे चिन्ह बहुधा पात्यावर असते. बर्लिनच्या एका निर्मात्याचे नाव तर 'गरुडा' होते. ते वाचून प्रोपेलर भारतीय समजू नये.

पुढील प्रवास

एफ १०१० पुढे बर्लिनच्या विमानसंग्रहात ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धात हा संग्रह पूर्वेकडे हलवण्यात आला आणि युद्धानंतर हे विमान पोलंडमधील क्राकूव्हच्या संग्रहालयात राहिले. १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ते ब्रिटनला परत मिळाले. मूळ पंख तोवर हरवले होते. सध्याचे पंख नव्याने बनवलेले आहेत.